स्वस्तात घरचा नॅस घेताय? या चुका टाळा

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांच्या फाइली ठेवणारा डिस्कचा डबा. तो घ्यायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती दोन बेचा (बे म्हणजे डिस्क बसवायचा खण) घ्यायचा की चार बेचा, याची. माझं म्हणणं असं की बजेट बेताचं असेल तर डबा सगळ्यात शेवटी निवडा. आधी दुसऱ्या प्रतीचे पैसे बाजूला काढा, मग डिस्क ठरवा आणि उरलेल्या पैशांत जो बसेल तो डबा घ्या. बहुतेक जण नेमकं उलट करतात. मीही तसंच केलं होतं, आणि त्यात आमचे दोन वर्षांचे फोटो गेले.

रेड लावलं म्हणजे बॅकअप झाला, ही समजूत

दोन बेचा नॅस होता. दोन सारख्या डिस्क घालून रेड १ लावलं होतं, म्हणजे एका डिस्कवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. एकदा लॅपटॉपवर जागा करायची म्हणून मी फोटोंचा एक फोल्डर पुसला. तो नॅसशी सिंक केलेला होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. काही सेकंदांत तो नॅसवरून गेला आणि रेडच्या नियमाप्रमाणे दोन्ही डिस्कवरून एकदमच गेला. सिंकचा रिसायकल बिनही मी बंद ठेवलेला. पुढचे दिवे हिरवे, दोन्ही डिस्क ठणठणीत आणि फोल्डर रिकामा. मुलीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ एका जुन्या फोनमध्ये सापडला, बाकीचं काही परत मिळालं नाही.

एखादी डिस्क मेली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठीच रेड असतं. चुकून पुसलं गेलं, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं, चोरी झाली, विजेचा झटका बसला, तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून अजूनही ३-२-१ चा जुना नियमच खरा: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला.

हातात दोनच डिस्कचे पैसे असतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे. दोन्ही नॅसमध्ये घालून आरसा बनवू नका. एक नॅसमध्ये ठेवा, दुसरी यूएसबी केसमध्ये घाला, आठवड्यातून एकदा जोडून बॅकअप घ्या आणि काढून ठेवा. काढून ठेवणं महत्त्वाचं, कारण कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या हाताशीच असते. नॅसची डिस्क मेली तर एखादा दिवस सिनेमा बघता येणार नाही, पण फोटो राहतील. पुढे जमेल तेव्हा आणखी एक डिस्क घेऊन ती भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा आणि अधूनमधून अदलाबदल करा.

सगळ्याच गोष्टींच्या तीन प्रती लागत नाहीत. सिनेमे पुन्हा मिळतात. फोटो, घराची कागदपत्रं, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग पुन्हा मिळत नाही. हा भाग आधी वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि त्याचा आकार बघा. तो बहुधा वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघतो, आणि मग बॅकअपची डिस्कही लहान चालते.

मॉडेल बघताना स्नॅपशॉटची, म्हणजे फाइलींची त्या त्या वेळची स्थिती जपून ठेवायची सोय आहे का, हे जरूर विचारा. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमवर ती मिळते. पुसलेला फोल्डर कालच्या स्थितीतून परत आणता येतो. माझ्याकडे ती असती तर वरची गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

वेग ११ वर अडकलाय?

नवा नॅस लावला, मोठी फाइल कॉपी करायला घेतली आणि वेग सेकंदाला ११ एमबीच्या पुढे सरकत नाही. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तो आकडा ऐकला की मी आधी केबल बघायला सांगतो. ११ ते १२ एमबी म्हणजे जोडणी १०० एमबीपीएसवर चालली आहे (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आठ मेगाबिटचा एक एमबी). गिगाबिट जोडणीवर हाच आकडा ११० च्या आसपास असतो. १ टीबीच्या कॉपीला गिगाबिटवर अडीच तास लागत असतील, तर इथे २५ तास लागतात.

कारण साधं असतं. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. त्या जादाच्या चारांतली एक तार जरी तुटली तरी दोन्ही टोकांची यंत्रं आपसांत गुपचूप खालच्या वेगावर येतात, आणि नेट चालू असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. आमच्याकडे केबल कपाटाच्या पायाखाली दबली होती. कपाट सरकवून बघितलं तर वरचं आवरण चपटं झालेलं. दुसरी केबल लावताच आकडा ११२ वर गेला.

केबल बदलूनही फरक पडला नाही तर राउटरचे पोर्ट बघा. स्वस्त राउटरवर लॅन पोर्ट कित्येकदा १०० एमबीपीएसचेच असतात. तसं असेल तर एक छोटा गिगाबिट स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडायचा डबा) घ्या आणि नॅस व कॉम्प्युटर दोन्ही त्यालाच जोडा. एवढं तपासण्याआधी २.५ गिगाबिटचा महागडा नॅस घेऊ नका.

वेग सतत वरखाली होत असेल तर लॅपटॉप वायफायवर आहे का बघा. पहिला मोठा बॅकअप तरी केबलनेच घ्यावा. आणि वेग मोजताना एकच मोठी फाइल घ्या. हजारो बारीक फोटो कॉपी होताना वेग पडतोच, त्यात नेटवर्कचा दोष नसतो.

सिनेमा अडखळतो म्हणून तगडा प्रोसेसर

४के ब्लू-रेचा डेटा जास्तीत जास्त वेगातही दीडशे एमबीपीएसच्या आतच राहतो. गिगाबिटला हे काहीच नाही. मग टीव्हीवर अडखळतं का? दोन कारणं जास्त आढळतात.

पहिलं टीव्हीतच असतं. पुष्कळ टीव्हींचा केबलचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असतो. त्यामुळे केबलवर अडखळणारी जड ४के फाइल ५ गिगाहर्ट्झ वायफायवर सुरळीत चालते, असा उलटा अनुभव येतो.

दुसरं म्हणजे ट्रान्सकोडिंग. फाइलचा फॉरमॅट टीव्हीला झेपत नसला की नॅसला तो चालू सिनेमातच बदलून द्यावा लागतो, आणि स्वस्त नॅसमधल्या एआरएम (फोनमध्ये असतो त्या जातीच्या) प्रोसेसरची तिथे दमछाक होते. पुष्कळदा याचं मूळ सबटायटलमध्ये असतं. चित्ररूपातली सबटायटल्स टीव्हीला वाचता येत नाहीत, मग ती चित्रावर उमटवण्यासाठी अख्खा व्हिडिओ पुन्हा तयार होतो. सबटायटल बंद करून बघा किंवा एसआरटी (साध्या मजकुराची) फाइल वापरा. नॅसवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर प्लेक्स असो वा जेलीफिन, सिनेमा चालू असताना डॅशबोर्डवर 'डायरेक्ट प्ले' दिसलं की नॅस फक्त फाइल पोचवतोय, असं समजा. त्याला साधा प्रोसेसरही पुरतो.

म्हणून नॅस बदलण्याआधी टीव्हीला एक चांगला स्ट्रीमिंग बॉक्स लावून बघा. ते स्वस्त पडतं. ट्रान्सकोडिंग खरंच लागणार असेल, म्हणजे बाहेरगावाहून फोनवर बघायचं असेल, तर क्विक सिंक (व्हिडिओ बदलण्याची प्रोसेसरमधलीच सोय) असलेला इंटेल प्रोसेसर शोधा. प्लेक्समध्ये हार्डवेअरची मदत घ्यायला प्लेक्स पास ही पैसे भरून घ्यायची सदस्यता लागते, जेलीफिनमध्ये ती फुकट आहे.

डिस्क घेताना

डिस्कचे दोन प्रकार असतात, सीएमआर आणि एसएमआर. एसएमआरमध्ये चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे जागा वाढते, पण सलग मोठं लिखाण करताना वेग कोसळतो. रेडमध्ये मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून सगळं पुन्हा उभं करताना नेमकं हेच नडतं. २०२० साली वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. तेव्हा 'नॅससाठी' या शब्दावर न थांबता मॉडेल क्रमांकावरून निर्मात्याच्या माहितीपत्रकात प्रकार तपासा. बॅकअपच्या यूएसबी डिस्कला मात्र एसएमआर चालतं.

४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते, त्यात फसवणूक नाही, फक्त मोजण्याची पद्धत वेगळी असते. नवी डिस्क आली की डेटा टाकण्याआधी स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्यतपासणीची) विस्तारित चाचणी नॅसमधून रात्रभर चालवा. 'रिअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरचा, म्हणजे खराब झालेल्या किंवा संशयित जागांचा आकडा शून्याच्या वर दिसला तर ती तेव्हाच परत करा.

बाहेरून बघता यावं म्हणून पोर्ट उघडणं

जून २०२१ मध्ये जगभरातले वेस्टर्न डिजिटलचे कित्येक माय बुक लाइव्ह नॅस इंटरनेटवरून कुणीतरी पुसून टाकले. त्यांना शेवटचं अपडेट २०१५ साली मिळालं होतं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅप या कंपनीची, इंटरनेटवर उघडी असलेली नॅस यंत्रं कुलूपबंद केली. म्हणून राउटरवर नॅससाठी पोर्ट फॉरवर्ड करू नका (म्हणजे बाहेरून थेट नॅसपर्यंत वाट उघडू नका), यूपीएनपी (यंत्रांनी अशी वाट आपोआप उघडायची सोय) बंद ठेवा आणि बाहेरून वापरायचं तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा व्हीपीएनचा, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीचा मार्ग घ्या.

जुना नॅस स्वस्तात मिळत असेल तर अपडेट अजून येतात का, हे आधी बघा. काही जुन्या यंत्रांना फक्त एसएमबी १ (फाइली नेटवर्कवर देण्याघेण्याच्या पद्धतीची जुनी आवृत्ती) येतं आणि २०१७ पासून नव्या विंडोजमध्ये ते मुळात बंद असतं, म्हणून नॅस दिसतच नाही. अशा वेळी विंडोजमध्ये एसएमबी १ चालू करण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो मानू नका. नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ आहे का ते शोधा. नसेल तर ते यंत्र घेऊ नका.

वीज गेल्यावर बॅकअप बंद पडत असेल तर बहुधा नॅसचा आयपी पत्ता बदललेला असतो. राउटरमध्ये तो राखून ठेवा. आणि जमलं तर नॅसला यूएसबीने जोडता येणारा छोटा यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी संपायच्या आत नॅस स्वतःहून नीट बंद होतो.

बॅकअप उघडून न बघणं

महिन्यातून एकदा बॅकअपच्या डिस्कवरची वर्षभरापूर्वीची कुठलीही एक फाइल दुसऱ्याच कॉम्प्युटरवर आणा आणि उघडा. यादीत नाव दिसतं म्हणून समाधान मानू नका, फोटो पडद्यावर दिसला पाहिजे. बॅकअप एन्क्रिप्ट केला असेल तर त्याचा पासवर्ड नॅसवरच्या फाइलमध्ये ठेवू नका. कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा आणि तो कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.