जुन्या खेळण्यांच्या जाहिराती आणि स्वामित्वहक्क
अमेरिकी मासिकातली किंवा कॉमिकमधली खेळण्याची जुनी जाहिरात चाहत्यांच्या संकेतस्थळावर देण्यापूर्वी तिचे प्रकाशनवर्ष पाहावे आणि तिच्या कडा, विशेषतः तळाची बारीक ओळ, भिंगाखाली तपासून तेथे वर्तुळातला ‘सी’, साल व कंपनीचे नाव अशी स्वामित्वहक्काची (कॉपीराइटची) सूचना आहे का, हे शोधावे. १९७८ पूर्वी अशा स्वतंत्र सूचनेविना छापलेली जाहिरात अमेरिकेत सहसा स्वामित्वहक्कमुक्त ठरते, कारण संपूर्ण मासिकासाठी छापलेली एकत्रित सूचना त्यातल्या इतरांच्या जाहिरातींना लागू होत नसे. मात्र जाहिरातीत चित्रपटातले पात्र असेल, तर त्यावरचा हक्क वेगळा असतो आणि बहुधा अजून कायम असतो. माझ्या मते खरी जोखीम इथेच आहे. १९७८ ते फेब्रुवारी १९८९ या काळातली राहून गेलेली सूचना पाच वर्षांत नोंदणी करून सावरता येत असे, म्हणून त्या जाहिरातींसाठी अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाचे नोंदणीचे दप्तर अवश्य पाहावे.