लांब पल्ल्याच्या धावेत चरबीचे इंधन कसे वापरावे

पहाटेच्या कॉफीत चमचाभर तूप घालून धावायला आलेला एखादा तरी गडी प्रत्येक गटात सापडतो, आणि ते तूप तासाभरात आपल्या पायांना बळ देणार याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. प्रत्यक्षात आहारातील बहुतेक स्निग्धांश आतड्यातून सरळ रक्तात न उतरता आधी लसिकावाहिन्यांत (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांत) जातो, रक्तातील त्याचे प्रमाण शिखरावर पोहोचायला जेवणानंतर साधारण 3 ते 4 तास लागतात, आणि त्यातला बराचसा भाग मेदपेशींत साठवला जातो. धावताना जळते ती मुख्यतः आधीची शिल्लक, म्हणजे मेदपेशींतून सुटून रक्तावाटे स्नायूंपर्यंत येणारी मेदाम्ले (चरबीचे सुटे घटक) आणि स्नायूंच्या तंतूंतच थेंबाथेंबाने साठलेली चरबी.

ही शिल्लक कमी पडत नाही. 60 किलो वजनाच्या सडसडीत माणसाच्या अंगातही 8-9 किलो चरबी असते आणि तिच्यात 70,000 किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा असते. याउलट यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे कर्बोदकांपासून बनलेल्या राखीव इंधनाचा, साठा सुमारे 500 ग्रॅम, म्हणजे 2,000 किलोकॅलरींचा. त्याच माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी ढोबळमानाने 2,500 किलोकॅलरी लागतात. त्यामुळे केवळ ग्लायकोजेनच्या भरवशावर निघालेल्याचे पाय तिशीच्या किलोमीटरांत शिशाचे होतात.

शरीराला चरबी वापरण्याची सवय लावायची, तर सर्वांत अवघड काम म्हणजे हळू धावणे. शरीर प्रति मिनिट सर्वाधिक चरबी जाळते ते प्राणवायू वापरण्याच्या आपल्या कमाल क्षमतेच्या साधारण 45 ते 65 टक्क्यांवर; त्यापुढे वेग वाढवला की चरबीचा वापर वाढण्याऐवजी घटू लागतो. जोराच्या धावेत ग्लायकोजेन झपाट्याने फुटते, मेदाम्लांना तंतुकणिकांच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांच्या, आत नेणारे कार्निटिन अपुरे पडते आणि मेदपेशींतून येणारा पुरवठाही मंदावतो. शिवाय एक लिटर प्राणवायूमागे कर्बोदकांतून सुमारे 5, तर चरबीतून 4.7 किलोकॅलरी मिळतात, त्यामुळे दम लागलेल्या शरीराला चरबी परवडत नाही.

हे सारे मला कागदावर ठाऊक होते, तरीही दोन वर्षे मी दर रविवारी गटाच्या वेगाने धावलो, कारण मागे पडण्याची लाज वाटत असे. तो वेग धड सावकाश नव्हता, धड जोराचाही नव्हता. धावून आल्यावर छान थकवा येई, काहीतरी कमावल्याचे समाधान मिळे आणि स्पर्धेत 30 किलोमीटरनंतर मी दरवेळी चालत असे. अखेर किलोमीटरमागे तब्बल दीड मिनिट वेग कमी केला, तेव्हा फिरायला निघालेले आजोबाही मला गाठतील असे वाटू लागले. पहिले तीन-चार आठवडे हा अपमान गिळावाच लागतो. त्या काळात मनगटावरचे घड्याळ घरी ठेवले तर उत्तम.

वेग ओळखायला 220 मधून वय वजा करण्याच्या सूत्रावर विसंबू नये. अनेकांच्या बाबतीत ते 10-12 ठोक्यांनी चुकते. त्यापेक्षा धावताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणावा. दोन-तीन ओळींमागे एक श्वास पुरत असेल तर वेग योग्य आहे. प्रत्येक ओळीला धाप लागत असेल तर तो जास्त आहे, मग घड्याळ काहीही म्हणो. चढणीवर हा नियम सर्वाधिक मोडला जातो. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात किंवा सिंहगडाच्या रस्त्यावर सरावाला गेल्यावर सपाटीचा वेग टिकवण्याचा अट्टहास करू नये. पाढा अडखळला की सरळ चालावे आणि श्वास जागेवर आला की पुन्हा धावावे. चालण्याने सराव वाया जातो, हा सल्ला देणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे.

आठवड्यात तीन दिवस असे धावावे, त्यांपैकी एक धाव हळूहळू दोन तासांपर्यंत वाढवावी, आणि एक दिवस जोराच्या सरावाला ठेवावा. दोन-तीन महिन्यांनी नाडी तेवढीच राहून वेग वाढलेला दिसला, तर शरीर बदलते आहे असे समजावे.

खाण्याबाबत थोडक्यात सांगतो. धावण्याआधी गोड खाल्ले की इन्सुलिन वाढते आणि मेदपेशींतून चरबी सुटणे मंदावते, म्हणून तासाभराची सावकाश धाव पाणी पिऊन किंवा बिनसाखरेच्या चहावर करायला निरोगी माणसाला हरकत नाही. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशीपोटी धावू नये. तूप, शेंगदाणे, तीळ रोजच्या जेवणात असावेत. धावेच्या तोंडावर ते पोटात रेंगाळतात. तुपाने थबथबलेला शिरा खाऊन निघालो होतो, ती सकाळ मी झाडाच्या बुंध्याशी ओणवा होऊन घालवली.

भात-पोळी सोडून निव्वळ स्निग्ध आहारावर राहण्याच्या फंदातही पडू नये. ऑस्ट्रेलियात क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईझ बर्क यांच्या चमूने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तसा आहार घेणाऱ्या अव्वल चाल-स्पर्धकांचा चरबीचा वापर खूप वाढला, पण त्याच वेगासाठी त्यांना अधिक प्राणवायू लागू लागला आणि 10 किलोमीटरच्या शर्यतीत, कर्बोदके खाणाऱ्या सहकाऱ्यांसारखी सुधारणा त्यांच्यात दिसली नाही. स्पर्धेच्या दिवशी तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जाऊ द्यावीत. केळी, खजूर, गुळाचे खडे, जे सरावात पचले असेल ते. पहिला घास मात्र भूक लागण्याची वाट न पाहता पाऊण तासाच्या आत घ्यावा.