जनावर तापलं की घाईत होणाऱ्या या चुका टाळा

गाय रवंथ करत नाही, वैरणीला तोंड लावत नाही, दूध अर्ध्यावर आलंय. अशा वेळी गोठ्यात पहिलं वाक्य ऐकू येतं: "तापाचं इंजेक्शन मारून घ्या." संध्याकाळी ताप उतरतो, सकाळी पुन्हा चढतो. कारण ताप हे नुसतं लक्षण आहे. त्यामागे विषाणू, जिवाणू, रक्तातला परजीवी की आणखी काही, यावर औषध ठरतं.

सगळ्यात जास्त फसगत रक्तातल्या परजीवींमुळे होते. आमच्या एका संकरित गाईला आम्ही तीन दिवस साधा ताप समजून उपचार केले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी खांद्यापुढची गाठ चाचपली, ती लिंबाएवढी सुजली होती. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, तपासणीत थायलेरिया हा परजीवी निघाला. त्यावर ब्युपारव्हाक्वोन हे औषध लागतं, नेहमीची अँटिबायोटिक्स नुसती देऊन भागत नाही. गाय वाचली, पण त्या वेताचं दूध गेलं. लघवी कॉफीसारखी लाल-काळी दिसली तर बबेशिया या दुसऱ्या परजीवीची शंका घ्या, त्याचं औषध पुन्हा वेगळं. म्हणून रक्त आधी तपासायला द्या, औषध नंतर. आणि थर्मामीटर घरात असू द्या. गाईच्या अंगाचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतं, कान हाताला गरम लागले म्हणजे ताप असं धरू नका.

हे दोन्ही आजार गोचिडांमुळे पसरतात, आणि इथं दुसरी चूक होते. फवारणी फक्त जनावराच्या अंगावर होते. पण रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या फटीत हजारो अंडी घालते. भेगा बुजवल्या नाहीत, गोठा फवारला नाही, तर थोड्याच दिवसांत अंगावर गोचीड पुन्हा हजर.

लाळ्या खुरकूत, लम्पी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हे विषाणूंचे आजार. विषाणू अँटिबायोटिकने मरत नाही. ती दिली जाते ती जखमांत जिवाणू शिरू नयेत म्हणून, आणि कधी द्यायची ते डॉक्टर ठरवतील. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पीची साथ आली तेव्हा सगळ्यात मोलाच्या गोष्टी दोनच होत्या: वेळेवर लस, आणि आजारी जनावर तातडीने वेगळं बांधणं. लस मात्र निरोगी जनावरालाच. एकाच सुईने सगळा गोठा टोचणं तर अजिबात नको, रक्तातला आजार त्या सुईवरूनच पुढच्या जनावरात जातो.

घटसर्प आणि फऱ्या जिवाणूंचे. इथं अँटिबायोटिक उपयोगी पडते, पण वेळ फार थोडा मिळतो. घशाखाली सूज आणि घरघर दिसली की घटसर्पात जनावर एका दिवसातही जातं. फऱ्यात मांडी किंवा खांदा सुजतो, दाबल्यावर चरचर आवाज येतो, आणि बळी पडतात ती बहुतेक तरणीताठी, धष्टपुष्ट वासरं. लस पावसाळ्याआधी टोचा. प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे गावात साथ आल्यावर धावपळ करून ती हाती लागत नाही.

फाशी (अँथ्रॅक्स) या आजाराच्या बाबतीत कळकळीने सांगतो. जनावर अचानक मेलं, नाका-गुदद्वारातून न गोठणारं काळसर रक्त आलं, तर कातडी सोलू नका, पोट फाडू नका. हवा लागली की या जिवाणूंचे बीजाणू बनतात आणि ते जमिनीत कित्येक वर्षं टिकतात. माणसालाही हा आजार होतो. कुत्र्यांना मढ्याजवळ येऊ देऊ नका आणि लगेच दवाखान्यात कळवा. खोल पुरायचं तेही त्यांच्या सांगण्याप्रमाणेच.

जंतांचं थोडक्यात: शेण तपासून औषध द्या, दरवेळी तेच ते देऊ नका. अंगावरचे केस गेलेले गोल चट्टे बहुधा बुरशीचे, तिथंही अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

आणि शेवटच्या तिमाहीत गाय गाभडली (गर्भपात झाला) तर वार, म्हणजे गर्भाबरोबर पडणारा जार, उघड्या हाताने उचलू नका. ब्रुसेलोसिस असू शकतो, तो माणसाला जडतो आणि ताप महिनोन्‌महिने येत राहतो. हातमोजे घाला, वार पुरा, दूध उकळूनच घ्या, गाईचं रक्त तपासायला द्या. याची लस कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात, एकदाच.