लष्करी राजवटीतल्या सेनानीची चरित्रनोंद कशी लिहावी : जनरल खिन न्युंट यांच्या निमित्ताने

लष्करी राजवटीत पहिल्या क्रमांकावर नसलेल्या, पण सूत्रे हलवणाऱ्या सेनानीची नोंद लिहायला घेतली, की बढत्यांची यादी सहज हाती लागते आणि खरी सत्ता त्या यादीबाहेरच राहून जाते. ब्रह्मदेशाचे जनरल खिन न्युंट हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

सुरुवात नावापासून करावी. बर्मी नावात आडनाव नसते. म्हणून दुसऱ्या उल्लेखात नुसते ‘न्युंट’ न लिहिता पूर्ण नावच लिहावे. नावाआधी येणारा ‘ऊ’ हा आपल्या ‘श्री.’सारखा आहे, पण ‘तिन ऊ’मधला ‘ऊ’ नावाचाच भाग आहे. शिवाय तिन ऊ दोन आहेत : एक १९८३ मध्ये पदच्युत झालेले गुप्तवार्ता खात्याचे सर्वेसर्वा, तर दुसरे १९७६ मध्ये सेनाप्रमुखपदावरून दूर झालेले आणि पुढे आंग सान सू ची यांच्या पक्षाच्या संस्थापकांत गणले गेलेले. यांची गल्लत झाली, तर सगळी नोंदच कोलमडते. १९८९ पूर्वीच्या मजकुरात रंगून आणि नंतरच्या मजकुरात यांगून लिहावे. मंडाले मात्र लोकमान्यांमुळे आपल्या वाचकाच्या ओळखीचे आहे, ते तसेच ठेवावे.

मग दोन रकान्यांचे टिपण करावे : एकात पद, दुसऱ्यात त्या पदाखाली प्रत्यक्षात काय होते. १८ सप्टेंबर १९८८ रोजी सॉ माउंग यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा खिन न्युंट यांना मिळालेले ‘प्रथम सचिव’ हे पद कागदावर कारकुनी वाटते. पण गुप्तवार्ता खाते त्यांच्याच हाती असल्याने दुसरा रकाना भरगच्च होतो. १९९२ मध्ये सॉ माउंग यांच्या जागी थान श्वे राजवटीचे प्रमुख झाले, १९९७ मध्ये सत्ताधारी लष्करी मंडळाचे नाव बदलले, तरी प्रथम सचिवपद खिन न्युंट यांच्याकडेच राहिले. याउलट ऑगस्ट २००३ मध्ये ते पंतप्रधान झाले, सात टप्प्यांचा लोकशाही आराखडाही त्यांनीच जाहीर केला; पण प्रथम सचिवपद सो विन यांच्याकडे गेले. इथे पहिला रकाना चढतो आणि दुसरा उतरतो, आणि नोंदीतले सर्वांत विचारपूर्वक लिहायचे वाक्य हेच.

‘मवाळ’ हे विशेषण शक्यतो टाळावे. सशस्त्र वांशिक गटांशी युद्धविराम घडवणारा आणि विरोधकांवर पाळत ठेवणारी यंत्रणा चालवणारा माणूस एकच होता. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात याव्यात.

सरकारी शब्द सरकारच्याच तोंडी ठेवावेत. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांना प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होऊ दिल्याचे जाहीर झाले. त्यापुढे लगेच लिहावे, की गुप्तवार्ता यंत्रणा मोडीत काढली गेली, २००५ मध्ये त्यांना ४४ वर्षांची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवून त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले आणि जानेवारी २०१२ मध्ये त्यांची सुटका झाली. तारखा अशा ओळीने आल्या, की ‘निवृत्ती’ या शब्दावर वेगळी टिप्पणी करावी लागत नाही.