क्यूचा क्लास कसा लिहावा

क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, आधी आलेला घटक आधी बाहेर पडतो. हा क्रम कोणालाही मोडता येऊ नये म्हणून क्लासमधील घटक साठवणारा अ‍ॅरे (ओळीने असलेल्या जागांचा संच) प्रायव्हेट ठेवावा आणि बाहेरच्या कोडला फक्त एनक्यू (घटक जोडणे) व डीक्यू (घटक काढणे) या मेथड द्याव्यात. घटक काढल्यावर उरलेले सगळे पुढे सरकवणे टाळावे. त्याऐवजी पहिल्या घटकाचा इंडेक्स (० पासून मोजलेला जागेचा क्रमांक) आणि घटकांची एकूण संख्या जपावी. अ‍ॅरे भरलेला नसेल, तर या दोहोंच्या बेरजेला अ‍ॅरेच्या लांबीने भागून उरणारी बाकी म्हणजे नव्या घटकाची जागा. ८ जागांच्या अ‍ॅरेत पहिला घटक इंडेक्स ६ वर असून एकूण ३ घटक असतील, तर नवा घटक इंडेक्स १ वर जातो. घटक काढल्यावर रिकामी झालेली जागा नल (कशाकडेच निर्देश न करणारी) करावीच (ती तशीच राहिल्याची चूक फार उशिरा लक्षात येते), अन्यथा गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा, काढलेले ऑब्जेक्ट मोकळे करू शकत नाही. जावामध्ये स्वतःचा क्लास लिहायचा नसेल, तर अ‍ॅरेडेक (ArrayDeque) हा तयार क्लास वापरावा.