कुरळे केस सांभाळताना या चुका टाळा

कुरळ्या केसांविषयीची तक्रार बहुधा ठरलेली असते: केस राठ आहेत, फुगतात, आवरता आवरत नाहीत. माझे मत असे की यांतील बहुतेक केस मुळात राठ नसतातच. सरळ केसांच्या सवयी वर्षानुवर्षे त्यांच्यावर लादल्यामुळे ते तसे होतात. सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल असतो, तर कुरळ्या केसाचा छेद लंबगोल असतो आणि तो मुळापासूनच वळत बाहेर येतो. टाळूवर तयार होणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, पण कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडते, आणि म्हणून मुळाशी केस तेलकट असले तरी टोके मात्र कोरडी राहतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे केस कोरडे असताना विंचरणे. लहानपणी शाळेच्या वेण्या घालण्यापूर्वी माझे केस रोज सकाळी कोरडेच विंचरले जात. फणी गुंत्यात अडली की वरून जोर लावला जाई, कट्‌ असा आवाज येई आणि फणीच्या दातांत आखूड तुकडे अडकून राहत. घरात सगळे म्हणत की मुलीचे केस फार गळतात. प्रत्यक्षात ते गळत नव्हते, तुटत होते. हा फरक घरीच ओळखता येतो: मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसते, तर तुटलेल्या तुकड्याला ती नसते. दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक मानले जाते. कुरळ्या केसांत ते बटांमध्येच अडकून राहतात आणि न्हाण्याच्या दिवशी एकदम हाती येतात, तेव्हा तो पुंजका पाहून घाबरून जाऊ नये.

गुंता सोडवायचा तो केस ओले असताना आणि कंडिशनर लावलेले असतानाच. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, आणि तेही टोकांपासून सुरुवात करून हळूहळू मुळांकडे सरकत. नुसता ओला केस ताणला जातो व लवकर तुटतो, त्यामुळे कंडिशनरचा बुळबुळीतपणा येथे आवश्यकच असतो.

तेलाविषयी आपल्याकडे श्रद्धा मोठी आहे आणि ती निराधार नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. मात्र तेल म्हणजे ओलावा नव्हे. ते न्हाण्यापूर्वी तास-दोन तास केसांच्या लांबीवर लावावे; चार दिवस चोपडून ठेवले तर ते काढण्यासाठी शाम्पू दोनदा लावावा लागतो आणि मिळवलेले सारे वाहून जाते. कोंडा असेल तर टाळूवर तेल मुळीच थापू नये, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी स्निग्ध पदार्थांवरच वाढते. शिकेकाई वापरणाऱ्यांनी पूड थेट न लावता काढा करून पातळ कापडातून गाळून घ्यावा, नाहीतर तिचा चोथा बटांत अडकतो आणि तो काढताना पुन्हा केस तुटतात.

धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसणे ही पुढची चूक. जुना सुती पंचा किंवा टीशर्ट घेऊन बटा खालून वर ओंजळीत धरून हलकेच दाबाव्यात. केसांतून पाणी निथळत असतानाच जेल लावावे. अर्धवट वाळलेल्या केसांवर लावले तर तोवर बटा सुटून पिंजारलेल्या असतात. जवसाचे जेल घरी उत्तम होते. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर सतत ढवळत उकळावेत, आणि पळीवरून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार लोंबू लागली की गॅस बंद करून मिश्रण गरम असतानाच गाळावे, कारण गार झाल्यावर ते गाळणीतून उतरत नाही. हे जेल फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावे. वाळल्यावर बटा कडक लागल्या तर जेल बिघडले असे समजून केस पुन्हा धुऊ नयेत. केस पूर्ण वाळल्यावर त्या मुठीत दाबल्या की कडकपणा मोडतो. तोपर्यंत मात्र केसांना हात लावू नये.

सगळे नीट करूनही केस निस्तेज आणि चिकट वाटत असतील, तर बहुधा कंडिशनर-सीरममधील सिलिकॉनचे (केसांना चकाकी देणाऱ्या पदार्थाचे) थर साचलेले असतात, किंवा बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार. बादलीवर पांढरे डाग पडत असतील आणि साबणाला फेस येत नसेल, तर दोष पाण्यात आहे. अशा वेळी महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरावा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात केस फुगत असतील तर उत्पादनात ग्लिसरीन आहे का ते पाहावे. दमट हवेत ते पाणी ओढून केस फुगवते, आणि विदर्भातील कोरड्या हिवाळ्यात तेच केसातील ओलावा बाहेर खेचू शकते.

केस कायमचे सरळ करून घेण्याचा आग्रह पार्लरमध्ये होतो, तेव्हा रसायनात फॉर्माल्डिहाइड आहे का हे स्पष्ट विचारावे, कारण तापवल्यावर त्याची वाफ श्वासात जाते आणि ते कर्करोगकारक म्हणून नोंदलेले आहे. केस कापून घेताना ओल्या केसांची लांबी पाहून माप ठरवू देऊ नये. वाळल्यावर बटा आखडतात, आणि खांद्यापर्यंत म्हणून कापलेले माझे केस एकदा कानाशी येऊन थांबले होते.

रात्री सुती अभ्र्यावर केस घासले जातात आणि सकाळी पुन्हा गुंता तयार असतो. त्यासाठी साटिनचा अभ्रा वापरावा, किंवा केस डोक्याच्या अगदी वर गोळा करून कापडी रबराने सैलसर बांधून झोपावे.