गव्हाचा दाणा मोठा कधी होतो? पोटरी ते कापणी या काळासाठी सल्ला

जानेवारीचा दुसरा पंधरवडा उजाडला की राज्यात एकाच शिवारात तीन वयांचा गहू उभा दिसतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हाच्या ओंब्या बाहेर पडून दाणा चिकात आलेला असतो. नोव्हेंबरअखेरीस पेरलेला गहू पोटरीत असतो, म्हणजे ओंबी अजून वरच्या पानाच्या आवरणातच असते, तर कापूस किंवा ऊस निघाल्यावर डिसेंबरात पेरलेला अजून कांडी धरत असतो, म्हणजे त्याचे खोड पेरापेराने उंच होत असते. शेतकरी मात्र तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारतात : दाणा टपोरा व्हावा म्हणून शेवटचे पाणी कधी द्यावे? प्रश्न रास्त आहे, पण थोडा उशिराचा आहे. दाणा भरणे वेगळे आणि दाणा मोठा होणे वेगळे. मोठा होण्याचे काम फुलोऱ्यानंतरच्या साधारण दोन आठवड्यांत बहुतांशी उरकते आणि त्यानंतर दिलेले पाणी आधी तयार झालेली जागा भरण्यापुरतेच उपयोगी पडते. हे असे का होते, ते दाण्यातील पेशीभित्तिका, म्हणजे पेशींच्या भिंती, आणि त्यांतील प्रथिनांकडे पाहिले म्हणजे उलगडते.

ओंबीच्या मधल्या भागातील एक दाणा काढून दोन नखांमध्ये दाबून पाहावा. फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यातून पाण्यासारखा पातळ रस येतो, पुढे दुधासारखा पांढरा चीक येतो, नंतर मऊ कणकेसारखा गोळा निघतो आणि शेवटी नख रुतेनासे होते. सर्वांत दुर्लक्षित राहते ती पहिली, पाणीदार अवस्था. परागीभवनानंतरचे पहिले काही दिवस ज्या भागाचे पुढे पीठ व्हायचे असते, त्या भ्रूणपोषात पेशींच्या भिंतीच नसतात. एका मोठ्या पोकळीच्या कडेने असंख्य केंद्रके पसरलेली असतात. मग केंद्रकांच्या मधून भिंती उभ्या राहू लागतात आणि साधारण आठवडाभरात ती पोकळी पेशींनी भरून जाते. या भिंती लाकडाप्रमाणे सेल्युलोजने जाड झालेल्या नसतात. पक्व दाण्याच्या भ्रूणपोषात त्यांचा सुमारे ७० टक्के भाग अराबिनोझायलनचा आणि सुमारे २० टक्के भाग बीटा-ग्लुकनचा असतो; हे दोन्ही शर्करांच्या लांब साखळ्यांचे पदार्थ आहेत. त्यात सेल्युलोज अगदी थोडे असते. पेशींचे विभाजन फुलोऱ्यानंतर सुमारे दोन आठवड्यांत थांबते. त्यानंतर नवी पेशी तयार होत नाही, म्हणजे पिठासाठी नवी खोलीही तयार होत नाही.

खोल्या किती झाल्या याइतकेच त्या किती ताणल्या गेल्या यालाही महत्त्व आहे. भित्तिकेतील एक्स्पान्सिन नावाची प्रथिने येथे कामाला येतात. काकडीच्या रोपांवरील अभ्यासातून १९९२ मध्ये ती प्रथम ओळखली गेली. ही प्रथिने भिंत तोडत नाहीत. भित्तिकेतील धाग्यांची एकमेकांवरील पकड ती तेवढी सैल करतात आणि मग पेशीच्या आतील पाण्याचा दाब भिंतीला बाहेर ढकलून ताणतो. गव्हाच्या दाण्यात त्यांचे काम सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः बाहेरच्या आवरणात, जोरात चालते आणि दाण्याची वाढ थांबत आली की मंदावते. चिलीमध्ये संशोधकांनी एका एक्स्पान्सिनचे उत्पादन गव्हाच्या वाढत्या दाण्यात मुद्दाम वाढवून पाहिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शेतचाचणीत दाण्याचे वजन १२.३ टक्क्यांनी आणि उत्पादन ११.३ टक्क्यांनी वाढले. तो जनुकीय बदल केलेला गहू आहे आणि आपल्याकडे असे बियाणे मिळत नाही. त्यामुळे त्या नावाने कोणी पाकीट विकायला आले तर घेऊ नये. आपल्या कामाचा धडा निराळा आहे. एक्स्पान्सिन कितीही असले तरी पेशीत पाण्याचा दाब नसेल तर भिंत ताणली जात नाही, आणि तो दाब मुळांशी असलेल्या ओलाव्यावर ठरतो.

पुढच्या टप्प्यात कारभार उलटा होतो. भित्तिकेतील पेरॉक्सिडेज ही प्रथिने अराबिनोझायलनच्या साखळ्यांवरील फेरुलिक आम्लाचे दुवे एकमेकांना जोडतात आणि भिंत ताठ होत जाते. कोंड्याच्या थरांत अशी जोडणी विशेष घट्ट असते. ताठ झालेल्या भिंतीला नंतर भरपूर पाणी दिले तरी ती पुन्हा सैल होत नाही. दाणा कणकेच्या अवस्थेत आल्यावर ‘दाणा फुगवण्यासाठी’ म्हणून केलेल्या फवारण्यांवर माझा फारसा विश्वास नाही, तो याच कारणामुळे.

आणखी एका प्रथिनाकडे शेतकऱ्याने लक्ष द्यायला हवे. पानांतून आलेली साखर दाण्याच्या दारात, म्हणजे पेशीच्या भिंतीतच, इन्व्हर्टेज नावाचे प्रथिन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांमध्ये फोडते. साखर तेथे सतत फोडली जात असल्यामुळे मागची साखर पुढे खेचली जाते. मक्यामध्ये हे प्रथिन निकामी असलेल्या वाणाचे दाणे नेहमीच्या दाण्यांच्या सुमारे एक पंचमांश वजनाचे राहतात. गव्हात पोटरीच्या अवस्थेत पाण्याचा ताण पडला की परागकोशातील, म्हणजे फुलात पराग तयार होणाऱ्या पिशवीतील, इन्व्हर्टेजचे काम घटते, परागकणांना साखर मिळत नाही आणि ते वांझ राहतात. ओंबी वरून भरघोस दिसते आणि चोळून पाहावी तर जागोजागी पोकळ तूस लागते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

म्हणून सध्याच्या नियोजनात पोटरी ते चीक हा काळ पाण्यासाठी सर्वांत आधी राखून ठेवावा. महाराष्ट्रात गव्हाच्या पाण्यासाठी मुकुटमुळे फुटण्याची १८ ते २१ दिवसांची, कांडी धरण्याची ४० ते ४५ दिवसांची, फुलोरा आणि चीक भरण्याची ६० ते ६५ दिवसांची आणि दाणे भरण्याची ८० ते ८५ दिवसांची अवस्था महत्त्वाची मानली जाते. विहिरीत एवढेच पाणी उरले असेल की पुढे एकच पाळी देता येईल, तर ज्यांचा गहू आज ५५ दिवसांचा आहे त्यांनी ती ८५ व्या दिवसासाठी राखून ठेवू नये, फुलोऱ्याला द्यावी. हलक्या जमिनीत दोन पाळ्यांमध्ये १० ते १२ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. भारी काळ्या जमिनीत मात्र तीन आठवड्यांपर्यंत ओल टिकते, त्यामुळे कॅलेंडर बघून पाणी सोडण्याऐवजी ढेकूळ हातात दाबून पाहावे. ओंबी जड झाल्यानंतर वारा सुटलेला असताना पाणी देऊ नये. ओल्या जमिनीत मुळांची पकड सुटते आणि गहू लोळतो. लोळलेल्या गव्हाचा दाणा मोठा झालेला असला तरी चिमलेलाच निघतो.

पीक ५५ आणि ७० दिवसांचे असताना १९:१९:१९ या विद्राव्य खताची २ टक्के फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, करता येते. यातील पहिली फवारणी मी अधिक मोलाची मानतो. तेव्हा पाने हिरवी असतात आणि ज्यातून पुढे दाणा तयार व्हायचा ते फुलातले बीजांडकोश पोटरीत वाढत असतात. फुलाच्या वेळी बीजांडकोश लहान राहिला तर त्यातून होणारा दाणाही लहानच राहतो.

डिसेंबरात पेरलेल्या गव्हाची अडचण वेगळी आहे. त्याचा फुलोरा फेब्रुवारीत येतो आणि दाणा भरताना विदर्भ-मराठवाड्यात दुपारचा पारा ३० अंशांच्या वर जातो. दाणे भरण्यासाठी १५ ते २० अंश तापमान मानवते. त्यापुढे दर अंशामागे दाणे भरण्याचा काळ साधारण तीन दिवसांनी घटतो. येथे कमी अंतराने हलके पाणी देऊन पीक थंड ठेवणे एवढेच हातात राहते. पुढच्या वर्षी पेरणी लांबणारच असेल तर एनआयएडब्ल्यू ३४ किंवा वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांना चालणारा फुले समाधान यांसारखा वाण निवडावा.

दाणा पक्व झाल्याची खूण शेतातच दिसते. तूस आणि ओंबीखालचा दांडा हिरवेपणा सोडून पिवळा पडला की पानांतून येणारा पुरवठा थांबलेला असतो. यानंतर पाणी देणे व्यर्थच नव्हे, धोक्याचेही आहे. पक्व दाण्याला पुन्हा ओल लागली की कोंड्याखालचा थर भिंती विरघळवणारी झायलनेज आणि ग्लुकनेज तसेच पिष्ट फोडणारे अमायलेज ही प्रथिने सोडू लागतो आणि दाणा ओंबीतच कोंब धरतो. मार्चमधील अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर कापणी लांबवू नये. त्र्यंबक या वाणाचे दाणे पक्व झाल्यावर झडतात, त्यामुळे तो दोन-तीन दिवस आधीच कापावा. कापणीच्या वेळी दाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास ओलावा असावा आणि साठवणीपूर्वी उन्हात वाळवून तो १२ टक्क्यांच्या खाली आणावा. पावसात भिजलेला माल वेगळा मळून वेगळाच ठेवावा. तो कोरडा झाल्यावर दिसायला चांगला वाटला तरी त्यातील एक पोतेही बियाण्यासाठी राखू नये.